उत्तर दोन-तृतीयांश का नाही?

प्रश्न : संभाव्यतेचे सूत्र मला पाठ आहे, तरीही शाब्दिक उदाहरणे चुकतात. दोन नाणी फेकली असता किमान एक छापा मिळण्याची संभाव्यता काढताना मी दोन छापे, एक छापा आणि एकही छापा नाही अशा तीन शक्यता धरल्या व २/३ हे उत्तर काढले. पुस्तकात ३/४ आहे. माझे काय चुकते?

उत्तर : अनुकूल, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या, निष्पत्तींच्या (संभाव्य निकालांच्या) संख्येला एकूण निष्पत्तींच्या संख्येने भागायचे, हे सूत्र सर्व निष्पत्ती समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, असतील तरच लागू पडते, आणि आपल्या तीन शक्यता तशा नाहीत. नाण्यांना पहिले व दुसरे म्हटले, तर छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा आणि काटा-काटा असा चार निष्पत्तींचा नमुना अवकाश (सर्व निष्पत्तींचा संच) मिळतो; ‘एक छापा’ त्यात दोनदा येतो. फ्रेंच गणिती द’अलांबेर यांनीही १७५४ साली विश्वकोशातील लेखात २/३ हेच उत्तर मांडले होते. पहिल्याच फेकीत छापा पडला की दुसऱ्या फेकीची गरज उरत नाही, असे म्हणून त्यांनी उरलेल्या तीन शक्यता (छापा, काटा-छापा, काटा-काटा) समान मानल्या. प्रत्यक्षात त्यांतील पहिलीची संभाव्यता १/२ आणि इतर दोघींची प्रत्येकी १/४ असते.

हाच मुद्दा गॅलिलिओ यांनी तीन फाशांच्या संदर्भात फार सुंदर उलगडला आहे. बेरीज ९ येण्याचे आणि १० येण्याचे संख्यागट प्रत्येकी सहाच आहेत, तरीही १० अधिक वेळा पडते. याचे कारण असे की ६-२-१ हा गट फाशांवर सहा प्रकारे पडू शकतो, ५-२-२ तीन प्रकारे आणि ३-३-३ मात्र एकाच प्रकारे; त्यामुळे २१६ निष्पत्तींपैकी ९ साठी २५ आणि १० साठी २७ अनुकूल ठरतात. हे गट आपण स्वतः मांडून मोजावेत, असा माझा आग्रह आहे, कारण सूत्राच्या पाठांतराने न येणारी समज त्यातून येते.

‘किमान एक’ हे शब्द दिसले की पूरक घटना, म्हणजे ‘एकदाही नाही’ ही उलट घटना, पाहून तिची संभाव्यता १ मधून वजा करणे बहुधा सोपे जाते : एक फासा चार वेळा टाकला असता एकदाही ६ न येण्याची संभाव्यता ६२५/१२९६ आहे, म्हणून किमान एकदा ६ येण्याची ६७१/१२९६.

आता तीन नाण्यांच्या आठही निष्पत्ती लिहून नेमके दोन छापे मिळण्याची संभाव्यता काढावी. ती ३/८ यायला हवी.