हळू रुळणाऱ्या लेकीची नर्सरी

सप्रेम नमस्कार.

तुमची पावणेतीन वर्षांची मुलगी घरात दिवसभर गाणी म्हणते, पण कोणी पाहुणे आले की तुमच्या पाठीमागे लपते आणि बागेत इतर मुले खेळत असताना तुमचा हात सोडत नाही. दोन महिन्यांनी तिची नर्सरी सुरू होणार आहे, तेव्हा तिला आत्तापासून जबरदस्तीने मुलांत सोडावे की प्रवेश एक वर्ष पुढे ढकलावा, असे तुम्ही विचारले आहे. मला यांतले काहीच करण्याची गरज दिसत नाही.

तिच्यात काही कमी आहे, ही भीती आधी मनातून काढून टाका. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या स्वभावाचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा सुमारे १५ टक्के मुले नव्या माणसांत आणि नव्या जागी हळूहळू रुळणारी आढळली. शिवाय या वयाची बरीच मुले एकमेकांशेजारी बसून आपापलाच खेळ खेळतात, त्यामुळे ती अजून कोणात मिसळत नाही हे मुळीच काळजीचे लक्षण नाही.

तुमच्या पत्रातले एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचले. “तिची घालमेल बघवत नाही, म्हणून तिच्या वतीने मीच उत्तर देते,” असे तुम्ही लिहिले आहे. ही माया मला पूर्ण समजते. पण प्रत्येक वेळी तुम्ही बोललात की तिची त्या क्षणापुरती सुटका होते आणि आपल्याला हे जमणार नाही, अशी तिची समजूत पक्की होत जाते. कोणी तिला नाव विचारले, तर मनात पाच आकडे मोजेपर्यंत थांबा. ती बोलली नाही, तर “हा चेंडू तुझा आहे ना?” असा प्रश्न विचारा, म्हणजे नुसती मान हलवूनही तिला उत्तर देता येईल. आणि तिच्यादेखत “ती लाजाळू आहे” असे कोणालाही सांगू नका, “तिला थोडा वेळ लागतो” एवढे पुरे. ती बोललीच, तर टाळ्या वाजवून कौतुक करण्याचाही मोह आवरा, कारण सगळ्यांच्या नजरा वळल्या की अशी मुले पुन्हा मिटून जातात.

या दोन महिन्यांत तिला दहा मुलांच्या गर्दीत नेण्यापेक्षा एकाच मुलाला किंवा मुलीला वारंवार घरी खेळायला बोलवा, आणि तीच जोडी पुढे बागेत न्या. बागेत इतरांच्या आधी पोहोचा. भरलेल्या जागेत शिरण्यापेक्षा आपण असताना एकेक जण येत गेलेला तिला सोपा वाटेल. नर्सरीत शिकवणाऱ्या बाईंना एकदोनदा आधी भेटवा, वर्ग आणि स्वच्छतागृह दाखवा, आणि “मला पाणी हवे”, “मला शू लागली” ही दोन वाक्ये खेळाखेळात पक्की करून घ्या. तिथे अडचण येते ती बहुधा याच गोष्टींची.

निरोप घेताना तिची नजर चुकवून कधीही निघून येऊ नका. असे एकदा जरी झाले, तरी ती पुढे क्षणभरही तुम्हाला नजरेआड होऊ देणार नाही. “गोष्ट संपली की मी येते,” असे सांगा, एकदा जवळ घ्या, निघा आणि वेळेवर परत या.

नर्सरीचा पहिला महिना उलटल्यावरही ती घरी मोकळेपणाने बोलते आणि तिथे एक शब्दही काढत नाही, असे चित्र कायम राहिले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर सांगा.

लहानपणी तुम्हाला रडत असताना वर्गात ओढून नेले होते, हे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. ती आठवण त्या दारात तुमच्या चेहऱ्यावर उमटेल आणि मुलगी ती लगेच टिपेल, म्हणून पहिले काही दिवस तिला तिच्या बाबांनी सोडावे आणि आणायला तुम्ही जावे.