कल्पाची वर्षे मोजताना

पुराणांतला काळ आणि पृथ्वीचे वय यांवर लिहायला बसलात, तर "432 कोटी म्हणजे जवळपास 454 कोटीच" हे वाक्य आधी खोडा. 454 कोटी वर्षे हे विज्ञानाने काढलेले पृथ्वीचे वय; 432 कोटी वर्षे ही अख्ख्या कल्पाची, ब्रह्मदेवाच्या एका दिवसाची लांबी. सरलेला काळ नव्हे.

सरलेला काळ पूजेच्या संकल्पातूनच निघतो: श्वेतवाराह कल्प, सातवे वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे महायुग, कलियुग. महायुग 43,20,000 वर्षांचे, मन्वंतरात अशी 71. सहा मन्वंतरे, 17,28,000 वर्षांचे सात संधिकाल (कल्पारंभीचा एक आणि सरलेल्या प्रत्येक मन्वंतरानंतरचा एक), 27 महायुगे आणि कृत-त्रेता-द्वापराची 38,88,000 वर्षे मिळून 1,97,29,44,000. वर कलीची पाच हजारांहून थोडी जास्त. संधिकाल विसरलात की बेरीज 1,20,96,000 ने कमी भरते.

शिवाय सूर्यसिद्धांत हा ज्योतिषग्रंथ सृष्टिरचनेची 1,70,64,000 वर्षे यातून वजा करतो आणि आर्यभट मन्वंतरात 72 महायुगे धरतो. तेव्हा कोणता ग्रंथ धरला ते लिहाच; नुसते "शास्त्रात आहे" चालत नाही.

454 कोटींचा आकडा वेगळ्याच वाटेने आला. अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसनने 1956 मध्ये उल्कांमधल्या शिशाच्या समस्थानिकांवरून 455 कोटी, अधिक-उणे 7 कोटी काढले. पंचांगकर्त्यांना खडकांचे वय काढायचेच नव्हते. ग्रहांच्या पूर्ण फेऱ्या बसतील एवढी मोठी संख्या त्यांना हवी होती.