व्हायरस आला की डोस वाढवू नका, झाड उपटा : या आठवड्याच्या प्रश्नांची उत्तरं

या वेळचे प्रश्न वेगवेगळ्या पिकांचे आहेत पण दुखणं एकच, किडीमार्फत पसरणारा व्हायरस, म्हणून एकत्रच लिहितोय. एका दादांच्या टोमॅटोची पानं वाटीसारखी वर वळलीत, पांढरी माशी आहे, चार फवारण्या झाल्या तरी रोज नवीन झाडं आकसतायत, डोस वाढवू का विचारतायत. एका ताईंना दुकानदारानं मिरचीसाठी 'इम्युनिटी वाढवणारं' औषध दिलंय, ते किती टाकायचं. तिसऱ्या दादांनी काकडीवरचा मावा पार साफ केला, तरी आठ-दहा दिवसांनी मोझॅक (पानावर फिकट-गडद हिरवे चट्टे आणणारा व्हायरस) दिसला, मग औषध बोगस होतं का.

पहिलं उत्तर, डोस वाढवू नका. व्हायरस मारणारं औषध नाही, कुठल्याच बाटलीत नाही, जो आहे म्हणतो तो खोटं बोलतोय. फवारणी फक्त किडीवर चालते आणि कीड पण ती एका हद्दीपर्यंतच आवरते. असे प्लॉट मी पुष्कळ बघितलेत, जिथं दर चार दिवसाला फवारा मारला तिथंच माशी शेवटपर्यंत टिकलेली असते, कारण मित्रकीटक सगळे मेलेले असतात आणि माशीत औषधाला दाद न देणारीच उरलेली असते.

आता हे असं का होतं ते नीट वाचा, कारण हे कळलं की कोणी काहीही गळ्यात मारू शकणार नाही. झाड नुसतं उभं राहून मार खात नाही, त्याचा स्वतःचा बंदोबस्त असतो. ढोबळ सांगायचं तर दोन प्रकारचा. पान कुरतडणारी अळी आली की झाडात जॅस्मोनिक ॲसिड वाढतं आणि पान किडीला पचायला जड, कडू होतं. व्हायरस किंवा बुरशीसारखा रोग आत शिरला की बऱ्याचदा सॅलिसिलिक ॲसिड वाढतं. अडचण अशी की हे दोन्ही एका वेळी पूर्ण जोरात चालत नाहीत, एक वर गेलं की दुसरं बहुतेक वेळा दबतं. पांढरी माशी नेमका याचाच फायदा उठवते. तिच्या पिल्लांना खरा त्रास जॅस्मोनिकवाल्या बंदोबस्ताचा, पण ती रस शोषायला लागली की झाडात सॅलिसिलिक वाढतं आणि जॅस्मोनिक खाली बसतं, म्हणजे झाड चुकीच्या दारावर पहारा देत बसतं. टोमॅटोत तर असंही दिसलंय की माशी लागलेलं झाड हवेत जो वास सोडतं त्यानं शेजारची निरोगी झाडंसुद्धा तशीच चुकीची तयारी करतात आणि मग माशी तिथं गेली की जास्त चांगली वाढते.

यात व्हायरस शिरला की आणखी बिघडतं. पानं वळवणाऱ्या काही व्हायरसांसोबत एक छोटा जोडीदार डीएनए असतो, त्याच्यापासून बनणारं प्रोटीन झाडाचा जॅस्मोनिकवाला बंदोबस्त दाबतं आणि माशीला नकोसा वाटणारा वासही कमी करतं. म्हणजे आजारी झाड हे माशीचं पाळणाघर होतं. माशी तिथं पोसते आणि व्हायरस घेऊन बाहेर पडते, एकदा घेतला की बरेच दिवस तिच्यात राहतो. थ्रिप्सचं (फुलकिड्यांचं) पण जवळपास असंच, टोमॅटोवरचा स्पॉटेड विल्ट हा व्हायरस असलेल्या झाडावर थ्रिप्सना जास्त आवडतं, आणि तो व्हायरस थ्रिप्स फक्त पिल्लू असतानाच घेऊ शकतात, मोठं झाल्यावर पसरवतात. म्हणजे आजारी झाडावर वाढलेलं एकेक पिल्लू उद्याचा वाहक आहे. म्हणून म्हणतो उपटा.

काकडीवाल्या दादांचं प्रकरण वेगळं आहे. काकडी मोझॅकमध्ये आजारी झाडाचा वास माव्याला ओढतो, पण चव खराब असते, मावा सोंड टोचून बघतो आणि नको म्हणून उडून जातो. तेवढ्या टोचण्यात, काही सेकंदात, व्हायरस सोंडेला लागतो आणि पुढच्या झाडावर काही सेकंदात उतरतो. तुमच्या औषधाला मावा मारायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. उलट काही औषधांनी मावा चवताळतो आणि जास्त झाडांवर फिरतो. औषध बोगस नव्हतं, काम चुकीचं दिलं होतं. अशा व्हायरसला कीटकनाशकावर पैसे घालवू नका. पांढऱ्या माशीला व्हायरस घ्यायला थोडा जास्त वेळ बसून रस प्यावा लागतो आणि तो तिच्या अंगात फिरून तयार व्हायला पण काही तास जातात, म्हणून तिथं वेळेवर केलेल्या एखाद-दुसऱ्या फवारणीचा उपयोग होतो. वेळेवर म्हणजे रोप लहान असताना, माशी दिसायला लागल्यावर. पानं वळल्यावर नाही.

डोसबद्दल परत सांगतो कारण इथंच सगळे चुकतात. लेबलवर आहे तेवढाच. 'थोडं जास्त टाक, रिझल्ट येतो' हा सल्ला बाटली विकणाऱ्याचा असतो. इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाच्या गटातली औषधं फक्त किडीवर काम करत नाहीत, झाडाच्या आत पण ढवळाढवळ करतात, सॅलिसिलिकच्या बाजूला ढकलतात, आणि कापूस, मका, टोमॅटोत असं दिसलंय की ही औषधं दिलेल्या झाडांवर कोळी (पानाचा रस शोषणारी अगदी बारीक कीड) उलट वाढला. मग दुकानदार कोळीनाशक देतो. मग टॉनिक देतो. एका पंपात तीन-चार औषधं मिसळून मारणं तर बंदच करा, कुठल्यानं काय झालं ते कोणालाच कळत नाही. आणि युरिया आवरा, कोवळा लुसलुशीत पाला हा रस शोषणाऱ्या किडीला आमंत्रण आहे.

ताईंच्या इम्युनिटीच्या बाटलीचं. यामागं थोडं खरं आहे म्हणूनच ते विकलं जातं. 1979 साली तंबाखूच्या पानांना ॲस्पिरिन दिल्यावर मोझॅकचे डाग कमी आले हे प्रयोगात दिसलं होतं, ॲस्पिरिन हे सॅलिसिलिकचंच भावंड. पण तिथं आधी ॲस्पिरिन दिलं आणि नंतर व्हायरस लावला, आणि पांढरी माशी त्या गोष्टीत नव्हतीच. तुमच्या मिरचीत माशी बसलेली असताना सॅलिसिलिकवालं काही फवारलं तर माशीला हवं तेच तुम्ही करून देताय. आजारी झाड त्यानं बरं होत नाही. जास्त टाकलं तर पानं करपतात, वाढ थांबते. बाटलीवर आत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर फवारूच नका, किती टाकायचं हा प्रश्नच येत नाही. आणि ताई, आधी पान उलटून बघा, मिरचीचं पान वर होडीसारखं वळलं तर थ्रिप्सचा संशय घ्या, खाली वळलं तर कोळीचा, दोन्हीचं औषध वेगळं. नवीन पानं बारीक, शिरा जाड आणि झाड खुजं झालं असेल तर व्हायरस धरा.

आता उपटायचं कसं. सकाळी लवकर, गारव्यात, माशी सुस्त असते तेव्हा. झाडावर प्लास्टिकची पिशवी अलगद घाला, मग मुळासकट उपटा, पिशवीचं तोंड बांधा आणि शेताबाहेर नेऊन गाडा. दुपारी हिसका मारून उपटलं तर माशी उडून शेजारच्या झाडावर बसते, मग उपटून काय मिळवलं. बांधावर ढीग टाकू नका. लागवडीनंतर पहिले दीड महिने दर तीन-चार दिवसांनी ओळीतून फिरा. फळं लागल्यावर उशिरा आलेला व्हायरस तेवढं नुकसान करत नाही, तेव्हा सरसकट उपटत बसू नका, आणि निम्मं रान आजारी झालं असेल तर उपटण्याची वेळ गेली.

पुढच्या वेळेला रोपं 40 ते 50 मेशच्या (इंचाला तेवढी भोकं) नेटमध्येच करा, रोप लहानपणी वाचलं तर निम्मी लढाई जिंकलात. कडेनं मक्याच्या दोन-तीन दाट ओळी, मुख्य पिकाच्या आधी पेरलेल्या, म्हणजे बाहेरून येणारा मावा तिथं सोंड पुसून येतो. चंदेरी मल्चिंग (वाफ्यावर अंथरायचा प्लास्टिक कागद) चांगलं. माशी-माव्याला पिवळे चिकट सापळे, थ्रिप्सला निळे. तण काढा, व्हायरस तिथंच मुक्काम करतो. सहनशील वाण मिळत असेल तर तोच घ्या.

अनुदानाचं दोघांनी विचारलंय, नेट आणि मल्चिंगसाठी अर्ज आधी करा, मंजुरी बघा, मग खरेदी, पक्कं बिल ठेवा.

टोमॅटोवाल्या दादांनी पाचवी फवारणी थांबवावी. उद्या सकाळी पिशव्या घेऊन रानात जा, आजारी झाडं मोजा, आणि शंभरात किती निघाली ते मला कळवा, मग पुढचं ठरवू.