परमिट मालकाच्या नावाचं, आणि छळतोही तोच

प्रश्न : धाकटा भाऊ कॅनडात, ओंटारिओमध्ये एका रेस्टॉरंटात कुक आहे. वर्क परमिट त्याच मालकापुरतं. मालक पगार बँकेत भरतो आणि त्यातले पैसे रोख परत मागतो. पासपोर्ट त्याने ठेवून घेतलाय. ‘सोडलंस तर डिपोर्ट करीन’ अशी धमकीही देतो. भाऊ दुसरीकडे रोखीवर काम धरायचं म्हणतोय. – एक वाचक, सांगली

उत्तर : रोखीचं काम त्याला आजिबात धरू देऊ नका. परमिटवर नाव नसलेल्या मालकाकडे काम करणं हा नियमभंग आहे आणि तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येतो. धमकीला मात्र भिऊ नका. डिपोर्ट करणं मालकाच्या हातात नाही. नोकरी सुटली तरी परमिट आपोआप रद्द होत नाही, त्यावरच्या तारखेपर्यंत तिथे राहता येतं.

पगार परत घेणं आणि पासपोर्ट अडकवणं, दोन्ही बेकायदा आहे. ‘एलएमआयएचा खर्च वसूल करतोय’ हे कारणही चालत नाही. एलएमआयए म्हणजे परदेशी कामगार नेमण्यासाठी मालकाने घ्यायची सरकारी मंजुरी, आणि तिची १,००० डॉलरची फी मालकानेच भरायची असते.

अशा कामगारांसाठी जून २०१९ पासून वेगळं ओपन वर्क परमिट, म्हणजे एकाच मालकाला न बांधलेलं परमिट, आहे. अर्ज कॅनडातूनच, ऑनलाइन, आयएमएम ५७१० फॉर्मवर करायचा. फी माफ असते. अट एवढीच, की सध्याचं परमिट चालू हवं, किंवा ते संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज गेलेला हवा. म्हणून ती तारीख आजच बघायला सांगा.

अर्ज बहुतेकदा सोबतच्या, छळाची हकिगत सांगणाऱ्या पत्रात कच्चा पडतो. ‘मालक त्रास देतो’ एवढ्याने काही होत नाही. कोणत्या तारखेला किती पगार जमा झाला, कधी किती काढून दिला, कोण काय बोललं, हे ओळीने लिहावं. सोबत पगार स्लिपा, त्याच दिवशी पैसे काढल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट, ड्युटीच्या वेळापत्रकाचे फोटो आणि व्हॉट्सॲप संदेश जोडावेत. स्क्रीनशॉटवर नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मराठी-हिंदी संदेशांचं इंग्रजी भाषांतर द्यावंच लागतं, आणि नेमकं तेच राहून जातं. पासपोर्ट मेसेज करून मागावा. आलेला नकार हाही पुरावाच. मारहाणीची भीती असेल तर मात्र पुरावे गोळा करत थांबू नये, आधी तिथून बाहेर पडावं आणि ९११ या आपत्कालीन नंबरला फोन करावा.

हे परमिट साधारण वर्षभराचं असतं आणि वाढवून मिळेल हे धरून चालू नये. ते संपल्यावर पुन्हा मालकापुरतं परमिट घ्यायचं तर नव्या मालकाच्या एलएमआयएला महिने लागतात, तेव्हा शोध पहिल्या आठवड्यापासूनच सुरू करावा. सर्व्हिस कॅनडा या केंद्र सरकारच्या सेवा कार्यालयाकडे मालकाची निनावी तक्रार करता येते, पण तक्रार म्हणजे परमिटचा अर्ज नव्हे. बुडालेल्या पगाराचा दावा ओंटारिओच्या कामगार मंत्रालयाकडे वेगळा, दोन वर्षांच्या आत करायचा.

प्रश्न : माझं परमिट जुन्या मालकापुरतं आहे. नव्या मालकाला एलएमआयए मिळालं. उद्यापासून कामावर जाऊ का?

उत्तर : नाही. नव्या परमिटचा अर्ज आधी करा. मुदत संपण्याआधी अर्ज गेला तर निकालापर्यंत काम करता येतं, पण जुन्याच मालकाकडे. निकालाआधी नवं काम सुरू करायची परवानगी आयआरसीसी, म्हणजे कॅनडाचं इमिग्रेशन खातं, तात्पुरत्या धोरणाखाली देते. ते चालू आहे का हे त्यांच्या संकेतस्थळावर पाहून वेगळी विनंती करा. परवानगीचा ईमेल हातात आल्यावरच कामाला लागा.