साक्ष दिली आणि आजार परतला

नगर जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या 46 वर्षांच्या यजमानांना गेल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले, शस्त्रक्रिया झाली आणि सहा महिने किमोथेरपी चालली. चर्चच्या संपूर्ण मंडळीने उपास-प्रार्थना केल्या. रिपोर्ट चांगले आल्यावर कापणीच्या सणाला दोघांनी वेदीसमोर उभे राहून, देवाने बरे केले अशी साक्ष दिली आणि उपकारस्तुतीचे दान वाहिले. आता तोच आजार यकृतात दिसला असून किमो पुन्हा सुरू झाली आहे. बाहेरगावच्या एका प्रचारकांनी घरी येऊन सांगितले की बरे झाल्यावरही तुम्ही गोळ्या आणि तपासण्या चालूच ठेवल्यात, या संशयामुळे आजार परतला, तेव्हा आता सुई थांबवा. दिरांना ते पटले आहे. यजमान काहीच बोलत नाहीत. या भगिनी उपासनेत गाणी सांगतात, पण आता तोंडातून सूर निघत नाही, म्हणून दोन महिने त्या मंडळीत गेलेल्या नाहीत. त्या विचारतात: आमची साक्ष खोटी होती का? उपचार थांबवावेत का? आणि बँकेच्या कागदांवर कोणाचे नाव आहे असे मी यजमानांना विचारले, हा अविश्वास झाला का?

प्रिय भगिनी,

सप्रेम सलाम.

प्रथम उपचारांविषयी लिहिते, कारण त्यात वेळ दवडून चालणार नाही. या आजारात शस्त्रक्रियेच्या वेळी डोळ्यांना किंवा स्कॅनला न दिसणाऱ्या पेशी शरीरात मागे राहू शकतात, आणि त्याच पुढे यकृतात वाढतात. यासाठीच शस्त्रक्रियेनंतर किमो देतात आणि पुढे तपासण्या करत राहतात. म्हणजे ज्या तपासणीला प्रचारक संशय म्हणाले, त्या तपासणीनेच आजार लपून राहिला नाही. यकृतात पसरलेला आजारही काही रुग्णांत औषधांनी आक्रसतो आणि कधीकधी शस्त्रक्रियेने काढता येतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ते शक्य आहे का, हे त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील. उपचार किती काळ घ्यायचे, हे ठरवण्याचा अधिकार अर्थातच रुग्णाचा आहे. एखादा माणूस सगळे समजून घेऊन पुरे म्हणाला, तर त्याचा मान राखावा. पण पाहुण्याने लाजवले म्हणून सुई सोडणे ही निराळी गोष्ट आहे. तसे होऊ देऊ नका.

पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा आधार मागितला जाईल, म्हणून तोही देते. यशयाच्या 38व्या अध्यायात हिज्कीया राजा मरणाच्या पंथाला लागलेला आहे. त्याला घराची निरवानिरव करण्यास सांगितले जाते. तो भिंतीकडे तोंड फिरवून रडतो आणि प्रार्थना करतो. देव त्याचे आयुष्य 15 वर्षांनी वाढवतो. आणि तरीही यशया संदेष्टा गळवावर अंजिरांचा लेप लावायला सांगतो. निरवानिरव, अश्रू, प्रार्थना आणि औषध या चारही गोष्टी तिथे एकाच अध्यायात आहेत, आणि एकीमुळे दुसरी रद्द झाल्याचे कोठेही लिहिलेले नाही. तेव्हा बँकेचे कागद, वारसाचे नाव आणि विम्याची पावती नीट लावून ठेवा. ते काम तुम्ही एकटीने चोरून करू नका, यजमानांना सोबत घेऊन करा. अबोल झालेला माणूस पुष्कळदा अशाच एखाद्या कामाच्या निमित्ताने बोलू लागतो, आणि घरातल्यांनी मरणाचा विषय टाळल्यामुळेच तो गप्प झालेला असण्याचा संभव असतो.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य आपल्या मंडळ्यांत फार स्वस्त झाले आहे, आणि याबाबतीत मला राग लपवावासा वाटत नाही. याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायात रुग्णाने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पुढाऱ्यांना बोलवावे आणि त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असे म्हटले आहे. विश्वासाची जी प्रार्थना तिथे सांगितली आहे, ती त्या वडिलांनी करायची आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण छप्पर उसकटून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात, तेव्हा प्रभू त्यांचा विश्वास पाहतो. बाजेवर पडलेल्याची परीक्षा कोणी घेत नाही. पौलासारख्या प्रेषितालाही आपला सोबती त्रफिम याला आजारी अवस्थेत मिलेतात ठेवून पुढे जावे लागले, आणि त्याबद्दल त्याने त्रफिमाला बोल लावलेला नाही. आपल्या महाराष्ट्रातही उपासना आणि दवाखाना कधी परस्परांचे वैरी नव्हते. डॉ. वॉनलेस यांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उभारले, ते मिशनचेच काम म्हणून. दिरांना हे शांतपणे सांगा. त्यांचाही भाऊच आजारी आहे, आणि काहीतरी करण्याची त्यांची धडपड आहे, तेव्हा रुग्णालयाच्या पुढच्या फेरीला त्यांनाच सोबत न्या आणि डॉक्टरांना प्रश्न विचारू द्या.

साक्षीविषयी तुम्हाला वाटणारा संकोच मी समजू शकते. ज्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात, त्या दिवशी रिपोर्ट स्वच्छ होता, घरात जेवण नीट होत होते आणि तुम्ही त्याबद्दल आभार मानलेत. त्यात खोटे काय होते? पुढच्या सर्व वर्षांची हमी तुम्ही दिली नव्हती. मात्र मंडळीचीही थोडी चूक झाली असे मला वाटते. आपल्याकडे साक्ष म्हटली की ती शेवट गोड झालेल्याचीच असते. अजून मधल्या टप्प्यावर असलेल्यांना उभे करण्याची रीत नाही. स्तोत्रसंहितेने तसे केलेले नाही. 88वे स्तोत्र अंधारातच संपते, त्याच्या अखेरीस स्तुतीची एक ओळही नाही, तरी ते उपासनेच्या पुस्तकात मानाने बसले आहे. तुम्हाला सध्या प्रार्थना सुचत नसेल तर ते वाचा, आणि तेवढ्यावर थांबा.

मंडळीत परत जा, असे मी सांगणार आहे, पण तुमच्या अटींवर. आधी पाळकसाहेबांना घरी बोलवून प्रचारकांनी काय सांगितले ते सगळे सांगा आणि त्यांचे मत स्पष्ट विचारा. उपचार चालू ठेवावेत असे एकदा त्यांच्या तोंडून आले की पुष्कळ कुजबुज आपोआप थांबेल. दुसरे, प्रार्थनेच्या विषयांच्या नावाखाली यजमानांचा खाजगीपणा उघडा पडू देऊ नका. शौचासाठी पोटावर लावलेल्या पिशवीपासून रक्तातल्या आकड्यांपर्यंत सारे ध्वनिक्षेपकावरून ऐकणाऱ्या रुग्णाला काय वाटत असेल, याचा विचार कोणी करत नाही. किती सांगायचे ते यजमानांनी ठरवावे आणि तेवढेच वाचले जावे. तिसरे, महिला मंडळातील एका विश्वासू बाईंकडे सगळी व्यवस्था सोपवा: डबा कोणी कोणत्या दिवशी आणायचा, रुग्णालयात सोबत कोणी जायचे, रात्री गाडी कोणाची. सर्दी-खोकला असलेल्यांनी भेटीला येऊ नये, हे त्यांनीच सांगावे, म्हणजे वाईटपणा तुमच्याकडे येणार नाही. किमोनंतर संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात, आणि अशा वेळी ताप 38 अंशांवर, म्हणजे 100.4 फॅरनहाइटवर गेला तर रात्री-अपरात्री लगेच रुग्णालय गाठावे लागते. प्रार्थनेसाठी माणसे जमण्याची वाट पाहू नका, ती मागाहून रुग्णालयात येऊ शकतात. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे उपचार बसतात का, हे रुग्णालयातील योजनेच्या कक्षात विचारून घ्या.

गाणी सांगण्याचे काम काही महिने दुसऱ्या कोणाला तरी द्या. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि इतरांना गाऊ द्या. चर्च सुटताच कोणाशी न बोलता निघून आलात तरी चालेल.

दहावीतल्या तुमच्या मुलीविषयी पत्राच्या शेवटी एकच ओळ आहे, की देवाने आपले का ऐकले नाही असे ती विचारते आणि तुम्ही विषय बदलता. विषय बदलू नका. मलाही ठाऊक नाही, असे तिला सांगा; आजार परतला आहे, औषध चालू आहे आणि डॉक्टरांनी अमुक सांगितले आहे, हेही खरेखरे सांगा. या वयाच्या मुलांना दाराआडून अर्धवट ऐकू येते आणि उरलेले ती मनाने भरून काढतात, जे बहुधा खऱ्याहून भयंकर असते.

पुढच्या सुईच्या आधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: या औषधांकडून नेमकी काय अपेक्षा आहे, त्यांचा उपयोग होतो आहे हे कधी आणि कशावरून कळेल, आणि वेदना व मळमळ कमी करणाऱ्या उपशामक उपचारांच्या तज्ज्ञांना आताच भेटता येईल का. हे तज्ज्ञ शेवटच्या दिवसांसाठीच असतात असा समज आहे, तो चुकीचा आहे. किमो चालू असतानाही त्यांची मदत घेता येते. उत्तरे वहीत लिहून घ्या आणि लिहिण्याचे काम दिरांना द्या.