आधी फोटो, मग कॅमेरा

जुने फोटो आणि कॅमेरे जमवायचे असतील, तर कॅमेरा घ्यायची घाई करू नकोस. सुरुवात घरातल्या जुन्या पेटीपासून कर. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या फोटोंच्या पाठीवर उर्दू मजकूर किंवा हैदराबादच्या स्टुडिओचा शिक्का सापडतो. म्हणून फोटो पुठ्ठ्यापासून सोलायचा नाही, म्हणजे नाही. नोंद करायची तर पाठीवर कडेला, मऊ शिसपेन्सिलीने. बॉलपेनची शाई उलट बाजूला उमटते.

कोणी लाला दीनदयाळ यांचा म्हणून फोटो दाखवला तर भिंग काढ. दीनदयाळ सहाव्या निजामाचे छायाचित्रकार, त्यांच्या नावाला भाव आहे. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती छापखान्यातली प्रत समज. पातळ कागद, तपकिरी-पिवळट रंग आणि जाळीचा मागमूस नाही, तर तो अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला अल्ब्युमेन प्रिंट असू शकतो. मला तर असा एक प्रिंट दहा कॅमेऱ्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

कॅमेऱ्यात वडोदऱ्याला बनलेला आगफा क्लिक थ्री बरा. त्यात १२० ची रोल फिल्म लागते, ती आजही मिळते. घेताना मागचं झाकण उघड, टॉर्च लाव, लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. माझा एक फोल्डिंग कॅमेरा चामड्याच्या केसमध्येच पावसाळाभर राहिला आणि बुरशीने लेन्स गेली. केस वेगळी ठेव, डब्यात ओल शोषणारं सिलिका जेल टाक.

आणि फोटोतली माणसं ओळखणारी आजी अजून असेल, तर याच रविवारी तिच्याजवळ जाऊन बस, नावं लिहून घे.