पैशाच्या व्यवहारात स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त उदार असतात, याला अर्थशास्त्रात काही पुरावा आहे का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसात कुणाच्या निरोप समारंभाची वर्गणी निघाली की बायका न कुरकुरता देतात आणि पुरुष 'सुटे नाहीत' म्हणून सटकतात, तर उदारपणा बायकांच्या रक्तातच असतो का?

मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. पुस्तकी उत्तर आधी उरकते. १९९८ साली एकेल आणि ग्रॉसमन या अर्थशास्त्रज्ञांनी एका प्रयोगाचे निकाल छापले. हातात १० डॉलर, समोर अनोळखी माणूस, हवे तेवढे द्या. आणि कोणी किती दिले हे प्रयोग घेणाऱ्यालाही कळणार नाही अशी व्यवस्था. बायकांनी सरासरी १ डॉलर ६० सेंट दिले, पुरुषांनी ८२ सेंट. झालं, तेव्हापासून जो तो हा आकडा फेकतो. २००१ मध्ये आंद्रेओनी आणि वेस्टरलुंड यांनी देण्याची किंमत, म्हणजे समोरच्याला एक डॉलर मिळावा म्हणून आपल्याला किती सोडावं लागतं ते, बदलून पाहिली. देणं स्वस्तात पडत असेल तर पुरुष जास्त देतात, महाग पडत असेल तर बायका. तेव्हा रक्ताचं जरा बाजूला ठेवा.

पण मी लिहायला बसले ते तुमच्या 'न कुरकुरता'साठी.

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मधला भाऊ, मग धाकटी. खटाव तालुक्यात वडिलांनी स्वतः घेतलेली पावणेतीन एकर जमीन आणि एक विहीर. २०१६ ला ते गेले, मृत्युपत्र नव्हतं. वारसनोंद होऊन आई, भाऊ, मी आणि धाकटी अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली. भावाला कर्ज काढायचं होतं, दर वेळी चौघांच्या सह्या गोळा करायच्या म्हणजे कटकट, म्हणून बहिणींनी हक्कसोड करून द्यावं असं ठरलं. 'ठरलं' म्हणजे चुलत्यांनी ठरवलं. वर म्हणाले, "२००५ चा कायदा आल्यापासून पोरींची नावं मधे मधे येतात." अहो चुलते, हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित मिळकतीची. बापाने स्वतः घेतलेल्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. हे तेव्हा तोंडावर बोलले नाही, आज इथे बोलतेय.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आमचा नंबर तीनच्या सुमारास लागला. दस्त लिहिणाऱ्याने भराभर वाचून दाखवलं: 'स्वखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, विनामोबदला.' मग अंगठा, फोटो. "मॅडम, कॅमेऱ्याकडे बघा." साडेसत्तावीस गुंठे गेले, दहा मिनिटं लागली असतील. बाहेर भावाने पिशवीतून इरकल साडी काढून दिली. एसटी स्टँडसमोर आम्ही मिसळ खाल्ली. मी पर्स उघडली तर म्हणाला, "राहू दे गं ताई, आज माझ्याकडून." आणि मला खरोखर भरून आलं! भाऊ किती दिलदार, असं चार जणींना मी स्वतः सांगितलं.

धाकटीने सही केली नाही. तिचं म्हणणं एवढंच, "मला विकायची नाही, वाटूनही नको. नाव राहू दे." घरात गहजब झाला. आता जे सांगणार आहे ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. तिला फोन करून झापणारी मीच होते. "तुला काय कमी आहे?" असं विचारलं. हा प्रश्न भावाला एकानेही विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. गावात झालं काय, की थोरली मनाची मोठी आणि धाकटी हिशेबी. पुढे २०१९ ला आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बिलाचे एक लाख ऐंशी हजार धाकटीने परस्पर भरले. गावात नाव कोणाचं? 'मुलाने आईचे गुडघे करून दिले.'

बाईने देणं हे गृहीतच धरलेलं असतं, म्हणून दिलं तर ते जमेला धरत नाहीत आणि नाही दिलं तर मात्र थकबाकी म्हणून कायमचं मांडून ठेवतात. पुरुषाची मिसळ मात्र लक्षात राहते. २००९ च्या एका प्रयोगात लोकांना विचारलं होतं, पैसे बाईच्या हातून मिळालेले आवडतील की पुरुषाच्या? बायकांनी जास्त करून बाई निवडली, पुरुषांनी तसा फरक केला नाही. अपेक्षा आधीपासून तयार असते, बाई फक्त ती पुरी करते. आणि ज्याला नकाराची एवढी किंमत मोजावी लागते त्याचं देणं 'उदारपणा' या खात्यावर टाकायला मी आता तयार नाही.

तुमच्या वर्गणीचं म्हणाल तर २०१७ चा एक अमेरिकी प्रयोग आहे. गटातल्या कोणीतरी एकाने अंगावर घ्यावं असं बिनफायद्याचं काम. मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा पुढे आल्या. पण गट निव्वळ बायकांचा किंवा निव्वळ पुरुषांचा केला तर हा फरकच राहिला नाही. सगळेच पुरुष असले की पुरुषही हात वर करतात. तेव्हा पुढच्या वेळी वर्गणीची यादी घेऊन कोण फिरतं ते बघा. बाईच फिरत असणार. आणि त्या बायकांना कोणी घरच्या हक्कसोडाचं विचारलं तर सांगा, सही करायच्या आधी महिनाभर थांबा आणि भावाला एकदा विचारा, "तू माझ्यासाठी सोडलं असतंस का?" माझं ते विचारायचं राहून गेलं.

आता भावाच्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर वाचून त्याला वाईट वाटेल. आईवडिलांजवळ तोच राहिला. दुष्काळात बोअर मारली तिचं कर्ज त्यानेच फेडलं. माझ्यावर त्याने जबरदस्ती केली नाही, तसं करायची वेळच मी येऊ दिली नाही. सगळ्याच बहिणी दडपणाखाली सोडतात असंही नाही, मनापासून देणाऱ्या मी पाहिल्यात. प्रयोगांचं म्हणाल तर तो दहा डॉलरचा खेळ, त्यावरून साडेसत्तावीस गुंठ्यांचं अनुमान काढू नये हे मी वर्गात पोरांना बजावते आणि इथे स्वतःच काढून बसलेय.

धाकटीचं नाव अजून सातबाऱ्यावर आहे. सुगी झाली की भाऊ तिच्याकडे ज्वारीचं एक पोतं न चुकता पाठवतो, तिचा वाटा म्हणून. मी ज्वारी दुकानातून आणते.